सहीवाल्या मॅडम

कोल्हापुरातल्या कुठल्याही दवाखान्यात आमच्या मॅडमना पेशंट म्हणून कुणी ओळखत नव्हतं, पण त्यांची पिवळी स्कूटर आवारात शिरली की काउंटरवरच्या माणसाला अचानक चहाची तल्लफ यायची. 'सहीवाल्या मॅडम आल्या' असं आतून कुणीतरी पुटपुटायचं आणि खुर्ची रिकामी व्हायची. मॅडम त्या रिकाम्या खुर्चीसमोर शांतपणे उभ्या राहायच्या. माणूस चहा पिऊन पिऊन किती वेळ पिणार.

सहीचं प्रकरण असं. बाईला मूल नको असेल, किंवा पुढं कधीच नको म्हणून ऑपरेशन करून घ्यायचं असेल, तर सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते. नवऱ्याची सही कायद्याला लागत नाही. काउंटरला लागते. कायदा आणि काउंटर यांच्यामध्ये जेवढी जागा उरते, तेवढ्यात मॅडमनी आपली सगळी नोकरी काढली. "नवऱ्याचीच का? शेजाऱ्याची का नको?" असं त्यांनी एकदा एका काउंटरवाल्याला विचारलं. तो बिचारा खरंच विचार करून म्हणाला, "ओळखीचा असला तर चालतंय की मॅडम."

हा किस्सा मॅडम परदेशातल्या एका परिषदेत सांगून आल्या. तिथं कुणी हसलं नाही, म्हणून परत आल्यावर बरेच दिवस त्या देशावर नाराज होत्या.

आमच्या लॉ कॉलेजात त्या कौटुंबिक कायदा शिकवायच्या. संशोधनाचा विषय, कागदोपत्री, जात, वर्ग आणि प्रजनन हक्क. पण कुणी विचारलं की सांगायच्या, "मी पोटावर काम करतो." बायकांनीही 'करतो', 'जातो' म्हणायची आमच्याकडची रीत. मॅडम इंग्रजीत बोलायला लागल्या की मोठ्या विद्यापीठाच्या वाटायच्या आणि मराठीत शिरल्या की थेट मंगळवार पेठेतल्या, जिथं त्यांचा जन्म गेला. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारलं की म्हणायच्या, "प्रकरण दाखलच झालं न्हाय."

त्या सगळ्यांना वकील म्हणायच्या. विद्यार्थ्यांना, प्राचार्यांना, भाजीवालीला. भाजीवालीशी घासाघीस करताना तर "वकील, तुमचा युक्तिवाद कच्चा आहे" असं म्हणून मेथीची जुडी खाली ठेवायच्या. आधी आम्हाला वाटायचं, त्यांना नावं लक्षात राहत नाहीत. मग कळलं की नावापाठोपाठ आडनाव येतं, आणि आडनावाचा त्यांना राग होता. एक वर्ष त्या परदेशात शिकवून आल्या होत्या, तिथला फरक काय असं विचारल्यावर म्हणाल्या होत्या, "तिथं कातडी बघून ठरवतात बाईशी कसं बोलायचं, इथं आडनाव बघून. बाकी दवाखान्यातलं बाकडं तसंच, कडक."

मी त्यांचा संशोधन सहायक कसा झालो, हे मी बरीच वर्षं वेगळंच सांगत होतो. गुणवत्तेवर निवड झाली, असं मी सगळ्या कसबा बावड्यात सांगितलं होतं. आईनं शेजारी साखर वाटली होती. प्रत्यक्षात मुलाखतीत त्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती, ती म्हणजे माझ्याकडं मोटरसायकल आहे का. आहे म्हटल्यावर, मागं माणूस बसलं की मी बोलत चालवतो का गप चालवतो. गप चालवतो, म्हणालो. झाली निवड. त्यांची स्कूटर डांबरी रस्ता सोडला की रुसायची, आणि त्यांचं काम सगळं डांबरी रस्ता सोडल्यावरच होतं.

साखर कारखान्याच्या अंगाला ऊसतोडीच्या टोळ्यांची पालं पडायची. मॅडम तिथं उसाच्या वाड्यावर, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या ढिगावर, बसून बायकांशी बोलायच्या, आणि मी लांब उभा राहून टोळीतल्या पोरांना माझ्या गाडीचा हॉर्न वाजवू द्यायचो. संशोधनातला माझा वाटा तो. कधी वारा इकडचा असला तर बोलणं ऐकू यायचं. माझ्याहून लहान बाई 'पिशवी काढली' असं म्हणायची, दाढ काढली म्हणावं तसं. पाळीमुळं कामाचे खाडे व्हायला लागले म्हणून मुकादम बोलला, डॉक्टरनं काढली. संध्याकाळी तेवढ्याच वयाच्या दुसऱ्या बाईकडं जायचं, बंगल्यात, सोफ्यावर. तिला मूल व्हावं म्हणून डॉक्टरनं बरेच ऑप्शन दिलेले असायचे. येताना मागून मॅडमची माझ्या हेल्मेटवर टिचकी पडायची. "वकील, एकाच दिवसात एकीला ऑप्शन आणि एकीला मुकादम. भडंग खाऊया."

भडंग, म्हणजे आमचे तिखट चुरमुरे, हे त्यांचं व्यसन. पर्समध्ये कायद्याच्या पुस्तकाला खेटून भडंगाची पुडी असायची. वर्गात शिकवताना त्या बकाणा भरायच्या आणि तो संपेपर्यंत मुलांनी घटनेतला अधिकार आठवायचा, असा नियम होता.

त्यांच्या प्रश्नपत्रिका कोल्हापुरात गाजलेल्या. 'अ ही मंगळवार पेठेतील सून असून ब हा तिचा पती व क ही सासू आहे. क हिने अ ला विचारल्याशिवाय...' असा प्रश्न सुरू व्हायचा. एका वर्षी पेपर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मंगळवार पेठेतल्या एक सासूबाई दोन जावांना घेऊन कॉलेजात आल्या. आमचं घरचं भांडण परीक्षेत कसं आलं, याचा त्यांना जाब हवा होता. मी जिन्यातच त्यांना गाठलं आणि माझ्या परीनं शांत करायला गेलो. म्हणालो, "काकी, हा प्रश्न काल्पनिक आहे, असल्या बायका प्रत्यक्षात नसतात." माझ्या मते हा दिलासा होता. त्यांनी छत्री उचलली.

मॅडम मधे आल्या. नम्रपणे विचारलं, आपण 'क' का? बाई म्हणाल्या, व्हय. मॅडमना एवढा आनंद झाला की त्यांनी त्या बाईंना हाताला धरून वर्गात नेलं, खुर्चीवर बसवलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं की आज साक्षात 'क' आलेल्या आहेत, उलटतपासणी घ्या. बाई आधी फुगून बसल्या. मग बोलायला लागल्या. मग थांबेनात. सासू म्हणून त्यांचं म्हणणं आजवर कुणी एवढ्या लक्षपूर्वक ऐकलंच नव्हतं. तास संपल्यावर जाता जाता मॅडमना म्हणाल्या, "म्होरच्या पेपरात आमच्या धाकट्या जावंचं घाला."

आता माझ्या घरातलं. ते टाळून चालणार नाही, कारण मॅडमचा सगळा स्वभाव मला तिथंच कळला.

माझ्या बायकोचं दुसरं डोहाळजेवण होतं. पहिली मुलगी. मी शिष्टाचार म्हणून मॅडमना "या की" म्हणालो. आमच्याकडं 'या की' म्हटलं की शहाणं माणूस 'बघतो की' म्हणतं आणि येत नाही. मॅडम सगळ्यांच्या आधी आल्या. डोहाळजेवण हा त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. कोण ओटी भरायला बसतंय, कोण नुसतंच भांडी घासायला आलंय, विधवा चुलती कुठल्या खोलीत आहे, हे सगळं त्या खुर्चीवर बसून टिपायच्या. तोंडानं मात्र झोपाळ्याच्या फुलांचं कौतुक.

डोहाळजेवणात गर्भार बाईपुढं दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात. एकीत पेढा, एकीत बर्फी. तिनं एकीवर हात ठेवायचा. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मॅडमच्या मते हे विनापरवाना गर्भलिंगनिदान होतं, फक्त मशिनच्या जागी मिठाई. आईनं मात्र ह्या वेळी धोका पत्करायचा नाही असं ठरवून दोन्ही वाट्यांत पेढेच ठेवले होते. हे फक्त तिला ठाऊक.

बायकोनं डावी वाटी उघडली. आत भडंग.

बायका बघतच राहिल्या. कुणीतरी दुसरी उघडली. तिच्यातही भडंग, वर शेंगदाणा. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ओरडावं तर दोन्हीकडं पेढे होते हे बाहेर येणार, गप बसावं तर गप बसायचा स्वभाव नाही. शेवटी चुलत आजीनं विचारलं, आता ह्याचा अर्थ काय धरायचा. कोपऱ्यातून मॅडमचा आवाज आला, "तिखट होणार." त्यांच्या गालात काहीतरी होतं. मी जवळ जाऊन विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पुरावा नष्ट करतोय."

दुसरी मुलगीच झाली, आणि तिखट झाली. आईनं ती मुलगी मॅडमच्या खात्यावर टाकली. पेढा असता तर पोरगाच होता, हे तिचं ठाम मत आजही आहे.

दोन्ही बाळंतपणं पोट कापून झालेली. दवाखान्यातून आल्यावर बायकोनं मला एकदाच, अगदी शांतपणे सांगितलं की तिसऱ्यांदा ती पोट कापून घेणार नाही. मुलासाठी नाही आणि मूल बंद करायलाही नाही. राहता राहिलो मी. पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं, बिनटाक्याचं, चालत जाऊन चालत यायचं, हे मला मॅडमच्या नादानं पाठ होतं. तोवर मीही कॉलेजात तास घ्यायला लागलो होतो, ते वर्गात शिकवायचोही. घरात मात्र बायकोला म्हणायचो, तू म्हणशील तसं. आणि आई 'आणि एक डाव बघूया' म्हणाली की तिला म्हणायचो, बघू की. अशा रीतीनं मी दोघींनाही खूश ठेवतोय अशी माझी समजूत होती. बायको दर महिन्याला कॅलेंडरसमोर जरा जास्त वेळ उभी राहायची, तेवढा वेळ मी पेपर उघडून बसायचो. ऊसदराची बातमी मी इतकी बारकाईनं कधी वाचली नव्हती.

अशात कॉलेजनं मॅडमच्या विषयावर एक चर्चासत्र ठेवलं. फ्लेक्स करून आणायचं काम माझ्याकडं. फ्लेक्सवाला ओळखीचा, गल्लीतल्या सगळ्या वाढदिवसांचे वाघ-सिंह त्याचेच. मी त्याला फोनवर मजकूर सांगितला, 'प्रजनन हक्क : काल, आज आणि उद्या', आणि फोटो तूच चांगला बघून टाक, असं म्हणून मोकळा झालो. त्या माणसाकडं 'प्रजनन' हा शब्द आत्तापर्यंत फक्त दूध संस्थेच्या शिबिराच्या निमित्तानं आलेला. सकाळी कॉलेजच्या फाटकावर मुऱ्हा जातीची, तेल लावून चकचकीत केलेली, बिल्ल्यावाली म्हैस झळकत होती. तिच्या शिंगांच्या मधोमध गोलात आमच्या मॅडम.

मी फाटकाखाली उभा होतो, नोकरी गेलीच असं समजून. मॅडम स्कूटरवरून उतरल्या, मान वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "म्हस चांगली आहे. माझा फोटो जुना टाकलाय."

फ्लेक्स काढायला वेळ मिळाला नाही, कारण तो बघून कोडोलीकडचे पाचसहा म्हैसवाले सभागृहात येऊन बसलेही होते. प्राचार्य त्यांना बाहेर काढायच्या विचारात होते. मॅडमनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि आपलं लिहून आणलेलं भाषण पर्समध्ये टाकून त्यांनाच विचारायला सुरुवात केली. म्हस व्याल्यावर पुन्हा रेडा कधी दाखवता? ती अशक्त असली तर? दोन वेतांच्या मधे घाई केली तर काय होतं? म्हैसवाले रंगात आले. एकमेकांचं बोलणं तोडून सांगायला लागले. घाई करायची न्हाय मॅडम, अंगात यायला पायजे, जनावर आतनं खचतंय, पहिली विश्रांती. एकानं तर जवळजवळ व्याख्यानच दिलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच आवाजात विचारलं, "आणि घरात?"

म्हैसवाल्यांनी माना खाली घातल्या. मी आयोजक म्हणून स्टेजवर होतो, मीही घातली. माझ्या दोन्ही मुलींच्या वयात फार अंतर नाही.

एवढ्यावर थांबलो तर तो मी कसला. आभारप्रदर्शन माझ्याकडं होतं. म्हशीचं पाप धुवायचं होतं, समोर माणसं भारावलेली होती, आणि माईक हातात आला की माझ्यात काहीतरी शिरतं. मी म्हणालो की बायकांनी फार सोसलं, आता पुरुषांनी पुढं यायला हवं. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणूस वाया जातो. मी पुढं म्हणालो, "आणि याची सुरुवात मी स्वतःपासून करणार आहे."

मॅडमनी माझ्या हातातून माईक काढून घेतला. विचारलं, "कधी?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत माझी बायको बसली होती, शाळेतून अर्धा दिवस रजा टाकून आलेली. तिचा चेहरा मला तेव्हा दिसला. ती हसत नव्हती, रागात नव्हती, नुसती वाट बघत होती. मी म्हणालो, येत्या नसबंदीच्या शिबिराला. म्हैसवाल्यांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

बातमी माझ्याआधी बावड्यात पोचली. आईनं चूल... म्हणजे गॅस बंद केला आणि दारात बसून राहिली. तिच्या मते हे मॅडमनी भडंगावर न भागल्यामुळं केलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतःहून घरी आल्या. मी बायकोला खुणेनं आत बोलावलं, ती आली नाही. तिला ऐकायचं होतं. मी एकटाच फडताळाआड.

आई म्हणाली, "बाई, तुमास्नी पोरं किती?"

"एकबी न्हाय मावशी."

"मग तुमास्नी ह्यातलं काय कळतंय?"

"मी चोरी कुठं केलीया? पण चोराचा कायदा शिकवतोयच की."

आई थोडी हटली, पण हरली नाही. तिनं भात्यातला शेवटचा बाण काढला. ल्योक माझा हाय, म्हणाली, मी त्याला जल्म दिलाय, त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा ते मी ठरवणार. यावर मॅडम मोठं काहीतरी बोलतील म्हणून मी कान टवकारले. पण त्या खाली आईशेजारी बसल्या आणि तिला तिच्या बाळंतपणांबद्दल विचारायला लागल्या. आईनं सांगितलं. माझ्या आधीचं एक आणि माझ्या नंतरची दोन गेली होती, हे मला त्या दिवशी फडताळाआड उभं राहून कळलं. शेवटच्या वेळी नको होतं, असं आई म्हणाली. मग आई म्हणाली, "च्या टाकू का?" संमती दिली नाही तिनं. फक्त चहा टाकला. त्यानंतर शिबिराच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, नुसती ताट आपटायची.

शिबिराच्या दिवशी मॅडम मला स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेल्या. तू 'येतो' म्हणून वाटेतूनच परत फिरशील, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. सरकारी दवाखान्यात मला हिरवा झगा दिला. त्याला मागं नाड्या होत्या, पण त्या एकमेकींपर्यंत पोचत नव्हत्या. मी एका हातानं मागची बाजू धरून कॉरिडॉरमध्ये उभा. नर्स आल्या, कागद बघितला आणि म्हणाल्या, "मिसेसची सही कुठाय?"

मॅडमच्या अंगात जसा करंट आला. आयुष्यभर त्यांनी नवऱ्याच्या सहीशी भांडण केलं होतं, आणि आता समोर तेच उलटं होऊन उभं होतं. त्या म्हणाल्या की लागत नाही, ज्याचं शरीर त्याचीच सही. नर्स म्हणाल्या, मला ठावं हाय मॅडम, पण मागनं बायका येऊन आमच्या झिंज्या धरतात. मॅडमनी कलम सांगितलं. नर्सनी मागच्या शिबिरात काय झालं ते सांगितलं. आवाज वाढले. माणसं जमली. मी नेमका कुणाचा, यावर कॉरिडॉरमध्ये जाहीर वाद चालू होता आणि मालमत्ता मागची बाजू धरून भिंतीला टेकून उभी होती. जमलेल्यांपैकी एकानं मला हळूच विचारलं, "पावणं, चोरीचं प्रकरण हाय काय?"

तेवढ्यात बायको आली. शाळेतून थेट, खांद्याला पर्स, बोटाला खडू. मॅडमनी तिला बाजूला घेतलं आणि विजयाच्या सुरात सांगितलं की ह्या कागदावर तुझी सही लागत नाही, तू अजिबात करू नकोस, आपण तत्त्वाला धरून आहोत.

बायको म्हणाली, "मला म्हाईत हाय मॅडम, लागत नाही. पण मला करायचीय."

"का?"

"दोन्ही वेळेला माझं पोट कापताना ह्यांची सही घेतली. मी टेबलावर होतो, शुद्धीत होतो, हात चालत होता माझा. मला कुणी पेन दिलं नाही. आज पहिल्यांदा कोणतरी माझी सही मागायला लागलंय, आणि तुम्ही नको म्हणताय."

मॅडमनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला. मग नर्सच्या हातातला कागद स्वतः घेतला, खिडकीच्या कट्ट्यावर सपाट केला आणि तिच्यासाठी बाजूला सरकल्या. "पूर्ण नाव लिही," म्हणाल्या.

बायकोनं घाई केली नाही. कागद आधी पहिल्या ओळीपासून वाचला. उलटून मागचंही वाचलं. नर्सला दोन शंका विचारल्या. मी म्हणालो, अगं, लवकर. तिनं मान वर न करता म्हटलं, वाचल्याशिवाय सही करू नये, तुम्हीच वर्गात सांगता की. झग्याच्या मागून दवाखान्याचं वारं येत होतं. मग तिनं सही केली. शाळेच्या प्रगतीपुस्तकावर करते तशी, खाली रेघ ओढून.

ऑपरेशन किरकोळ झालं. म्हणजे डॉक्टर तसं म्हणाले. मी डोळे मिटून अख्खी रामरक्षा म्हटली आणि मधेच विसरलो तिथून घटनेची प्रास्ताविका चालू केली.

घरी आलो तर आई दारात. मला वाटलं, आता ताट थेट डोक्यात. पण तिनं माझ्याकडं खालून वरपर्यंत बघितलं. मी जरा पाय फाकून चालत होतो. असलं ऑपरेशन करून दवाखान्यातून आलेल्या माणसाचं काय करायचं, याचा तिला आयुष्यात एकच अनुभव होता. तिनं मला आतल्या खोलीत नेलं, वाऱ्याची खिडकी लावली, कानाला घट्ट स्कार्फ बांधला, कॉटखाली ओव्याची शेगडी सरकवली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर ठेवला. गार पाणी बंद. मी म्हणालो, आई, मला काहीही झालेलं नाही. ती माझ्याशी अजून बोलत नव्हती, त्यामुळं ऐकलंही नाही.

संध्याकाळी मॅडम बघायला आल्या. दारातच थांबल्या. धुरात, स्कार्फ बांधून, घामाघूम होऊन मी लाडू खात होतो. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले. माझ्या दोन्ही मुली कॉटच्या कडेला हनुवटी टेकून, आता बाळ कधी निघणार म्हणून बसल्या होत्या.

बायकोनं माझ्या डब्यातला एक लाडू उचलला, तोडला आणि आत बघत राहिली. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. ती म्हणाली, "आत्ती, माझ्या येळच्या लाडवात काजू नव्हतं."

आई शेगडी फुंकत होती. मान वर न करता म्हणाली, "तवा काजू म्हाग हुतं."

"तेव्हापेक्षा आता म्हाग हायत."

मॅडमचे खांदे थांबले. त्या आत आल्या, माझ्या मांडीवरचा डबा उचलला आणि आईच्या पुढं धरला. आई डब्याकडं बघत राहिली. मग तिनं डबा घेतला, उठली आणि जाऊन सुनेच्या मांडीवर ठेवला.

"खा," म्हणाली. "समदं खा."

बायकोनं मॅडमना शेजारी बसवून घेतलं. आईही टेकली. तिघी आणि दोन मुली मिळून लाडू खायला लागल्या. मी हात पुढं केला आणि म्हणालो, अहो, ऑपरेशन माझं झालंय.

आईनं माझ्या कानावरचा स्कार्फ आणखी घट्ट ओढला. कित्येक दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

"बाळंतिणीनं गप पडून ऱ्हायाचं असतंय," ती म्हणाली.